तिसऱ्या फळीवरची चौथी बाटली

४ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही. फोन करू नकोस. दवाखान्यातला फोन बाकड्याच्या बरोबर डोक्यावर आहे. मी ‘हॅलो’ म्हटलं की बाकड्यावरची माणसं आणि त्यांची कुत्री एकदमच कान टवकारतात. पत्र लिही. आणि माझी चौथी झाली आहे फक्त, तेव्हा अक्षर डॉक्टरासारखं काढू नकोस.

तुझा बदली डॉक्टर सोमवारी आला. इतका उंच, की दारातून वाकून आत येतो. शर्टाला रोज कडक इस्त्री. मी त्याचं नाव इस्त्री ठेवलंय, तोंडावर डॉक्टर म्हणते. पहिल्याच दिवशी सुताराची मांजर पिशवीतून काढायला गेला आणि तिने कोपरापासून मनगटापर्यंत रेघ ओढली. मी म्हटलं, ‘मांजराला पिशवीतून काढायचं नसतं, पिशवीला मांजरावरून काढायचं असतं.’ तर म्हणे, ‘थँक यू, आत्याबाई.’ थँक यू काय! हात धुवा म्हटलं आधी.

फार लिहितो तो. एकेका जनावराचं कार्ड, कार्डावर वय, वजन, खाणं, सवयी. बेकरीवाल्याच्या कुत्र्याचं वजन करायचं म्हणून त्याला कुत्रा उचलून काट्यावर उभं केलं, मग कुत्रा खाली आणि बेकरीवाला एकटा. आता हे काय नवीन नाही, आपणही तसंच करतो. पण हा आकडा मोठ्याने वाचतो! बेकरीवाला लालबुंद. ‘डॉक्टर, कुत्र्याचं सांगा हो, माझं कशाला?’ सगळं बाकडं हसत होतं. तोवर दुपार झाली आणि अकरा जनावरं तशीच बसलेली.

तू इथली काळजी करू नकोस. हाडं जोडायला गेली आहेस तर चार महिने नीट शीक. तुझा बाप मोडक्या हाडाचं जनावर दिसलं की मान फिरवायचा, त्याला जमत नव्हतं ते. इथलं मी बघते.

आत्या

१३ जानेवारी

आत्या,

नमस्कार. वाकून केला आहे असं समज.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी. एक घोड्यांची डॉक्टर आहे, ती झोपेत टाचा आपटते. आज पहिल्यांदा सशाचा पाय जोडला. पेन्सिलीपेक्षा बारीक हाड गं! पण जमलं. हे चार महिने पुरे झाले तर आपल्याकडच्या माणसांना मोडकं कुत्रं घेऊन शहरापर्यंत जावं लागणार नाही.

डॉक्टरांचा शर्ट तुला का खुपतो? तू एक काम कर. त्यांनी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरीसाठी अर्ज केला आहे. त्यांची बायको त्याच शहरात शाळेत शिकवते, दोन वर्षं दोघं दोन गावी राहताहेत. ते लोक पुढच्या महिन्यात मला विचारणार आहेत, हा माणूस कसा आहे. माझ्या एका पत्रावर त्यांची नोकरी आहे, आणि मी तर त्यांच्याबरोबर एक दिवसही काम केलेलं नाही. तेव्हा जे दिसेल ते मला खरं खरं लिही. रागलोभ बाजूला ठेवून.

आणि औषधांचं कपाट मी त्यांना लावून घ्यायला सांगितलं आहे. बाबांच्या वेळेपासून ते तसंच आहे, बाटल्यांच्या गळ्यात ते मळकट दोरे अडकवलेले. किती वर्षं म्हणतेय मी, काढू काढू. निदान आता तरी होईल.

तुझी भाची

२१ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

पत्र पोचलं. कपाट लावलं त्याने. रविवारी एकटाच येऊन बसला होता. दोरे कापून टाकले, बाटल्या पुसल्या, सगळ्यांवर इंग्रजीत नवीन चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एबीसीडीने ओळीत उभ्या केल्या. छान दिसतं. मला काही म्हणायचं नाही.

इस्त्रीबद्दल विचारलंस. खरं सांगते. हळू आहे. बडबड्या आहे. जनावराशी पण बोलतो, ‘काय होतंय तुला, कुठे दुखतंय?’ म्हैस काय उत्तर देणार? साबण इतका वापरतो की आठवड्याला वडी संपते. पण चुकत नाही. परवा धोबिणीची शेळी पोट फुगून आली. मी म्हटलं, नळी घाला. तो म्हणाला, ‘थांबा’, आणि तिच्या पोटाला कान लावून बसला. एवढा उंच माणूस जमिनीवर, इस्त्रीचा शर्ट शेळीला चिकटलेला! मग म्हणाला, नळी नको, आणि खरंच नको होती. संध्याकाळी शेळी चालत घरी गेली.

पोपटवाले आजोबा आले होते. पोपट बोलत नाही म्हणून. डॉक्टरने चोच बघितली, डोळे बघितले, म्हणाला, ‘घरात कोण कोण असतं?’ आजोबा म्हणाले, ‘मी एकटा.’ ‘तुम्ही बोलता का त्याच्याशी?’ आजोबा म्हणाले, ‘त्याच्याशी काय बोलायचं, पोपट आहे तो.’ आता सांग.

मी हल्ली सकाळी अर्धा तास लवकर येते. झाडलोट नीट होते.

आत्या

३० जानेवारी

आत्या,

घाईत लिहिते आहे, उद्या परीक्षा. शेळीचं वाचून बरं वाटलं. म्हणजे माणूस चांगला आहे तर. तू ‘चुकत नाही’ म्हणालीस, तुझ्याकडून एवढं ऐकायला मला सहा वर्षं लागली होती!

कपाटाचं वाचून तर फारच बरं वाटलं. लवकर का येतेस? थंडी आहे, गुडघे दुखतील. झाडलोट राहिली तर राहू दे.

तुझी भाची

१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई,

परीक्षेचं काय झालं ते लिहिलं नाहीस. नापास झाली असशील तरी लिही.

इथे सगळं ठीक. लसीचे दिवस आहेत, रांग रस्त्यापर्यंत जाते. न्हाव्याने आपला कुत्रा आणला, त्याची हजामत इतकी झकास केलेली की डॉक्टरला सुई टोचायला केस बाजूला करावे लागले नाहीत. शेजारच्या लॉण्ड्रीवाल्याला विचारलं, तू कुत्रा का पाळत नाहीस, तर म्हणाला, पांढऱ्या कपड्यांचा धंदा आहे, आत्या. बरोबर आहे त्याचं.

शिंपीणबाईंच्या गोटी कुत्रीला जरा बरं नव्हतं. आता बरी आहे.

टेबलाचा एक पाय डुगडुगत होता, सुताराने बसवून दिला. म्हशीचं शिंग मोडलेलं होतं, त्याचं ड्रेसिंग चालू आहे. इस्त्री काम करतो नीट. त्या मोठ्या दवाखान्याने विचारलं तर चांगलं लिही. दोन ओळी जास्तच लिही.

आत्या

१७ फेब्रुवारी

आत्या,

शिंपीणबाईंचं चार पानी पत्र आलं आहे. ‘जरा बरं नव्हतं’ म्हणजे काय असतं ते मला त्यातून कळलं. गोटीला जंताच्या औषधाऐवजी गुराढोरांचं कडक औषध दिलं गेलं! तीन किलोची कुत्री! घरी नेल्यावर लाळ गळायला लागली, पाय तिरपे पडायला लागले, मग झटके. दोन दिवस सलाईनवर होती. शिंपीणबाई लिहितात की डॉक्टरांनी स्वतः त्यांच्यासमोर हात जोडून सांगितलं, ‘चूक माझी आहे.’

आणि तू मला टेबलाच्या पायाबद्दल लिहितेस?

मला कळत नाही असं समजू नकोस. तुला तो माणूस आवडायला लागला आहे, त्याची बायको दूर आहे, म्हणून तू पांघरूण घालते आहेस. पण आत्या, जो डॉक्टर लहान आणि मोठ्या जनावरांच्या औषधात गल्लत करतो, त्याला मोठ्या दवाखान्यात कसं पाठवू? तिथे दिवसाला दोनशे जनावरं येतात. त्यांचं पत्र परवाच आलं होतं. मी आजच उत्तर टाकलं आहे, की या माणसाच्या हातात औषधं देऊ नयेत असं माझं मत आहे. लिहिताना वाईट वाटलं. पण लिहिलं.

महिनाअखेरीला मी इथलं सोडून परत येते. इतक्या चुका होत असतील तर माझ्या हाडांच्या शिक्षणाचं काय करू?

तुझी भाची

२० फेब्रुवारी

पोरी,

आधी एक गोष्ट. येऊ नकोस. दुसरी गोष्ट, ते पत्र परत माग. फोन केला होता मी तुझ्या हॉस्टेलला, बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा केला. तिथल्या बाईने ‘त्या वर्गात आहेत’ म्हणून ठेवून दिला. म्हणून हे पत्र औषध कंपनीच्या माणसाबरोबर पाठवते आहे, तो उद्याच तिकडे जातोय.

औषध डॉक्टरने दिलं नाही. मी दिलं.

आता सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

मला इंग्रजी वाचता येत नाही. एक अक्षर नाही. तुझ्या बापाला माहीत होतं. एकतीस वर्षांपूर्वी मी दवाखान्यात आले, पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं, दादा, मला हे जमायचं नाही. तो म्हणाला, ‘तुला दोरा ओळखता येतो ना?’ आणि बसला दोरे बांधत. लाल दोरा म्हणजे मोठी जनावरं. पांढरा म्हणजे लहान. काळा म्हणजे पोटात द्यायचं नाही, वरून लावायचं. एक गाठ जंतांना, दोन गाठी तापाला, तीन पोटाला. असं सगळं कपाट. तो गेल्यावर नवी बाटली आली की मी औषधवाल्याला विचारायचे, ‘हे मोठ्यांचं का लहानांचं, सांग बघू, तुला येतं का?’ त्याला वाटायचं म्हातारी परीक्षा घेते. तो घडाघडा सांगायचा आणि मी दोरा बांधायचे. तू ‘आत्या, लहानांचं जंताचं दे’ म्हणायचीस, मी पांढरा दोरा एक गाठ बघून द्यायचे. सहा वर्षांत एकदा चुकले का? आठव.

तुला सांगायला हवं होतं. तू शिकून आलीस, भिंतीवर तुझी सर्टिफिकेटं लागली. त्यांच्याखाली उभं राहून, मला वाचता येत नाही, असं कसं सांगू?

दोरे कापले गेले त्या रविवारनंतर मी अर्धा तास लवकर यायला लागले ती झाडलोटीला नाही. दिवसा तो कोणती बाटली कशाला काढतो ते बघून ठेवायचे, आणि सकाळी तो यायच्या आधी बाटल्यांच्या जागा पाठ करायचे. पहिल्या फळीवर डावीकडून दुसरी तापाची. तिसऱ्या फळीवर डावीकडून चौथी लहानांची जंताची, पाचवी मोठ्यांची. दोन्ही बाटल्या एकाच कंपनीच्या, एकाच तपकिरी रंगाच्या. बरोबर पाठ होतं सगळं. त्या दिवशी दुपारी तिसऱ्या फळीवरची दुसरी बाटली संपली. इस्त्रीने टाकून दिली आणि बाकीच्या सगळ्या सरकवून ओळ नीट केली, त्याची सवयच ती. म्हणजे पाचवी झाली चौथी. शिंपीणबाई गोटीला घेऊन आल्या तेव्हा तो मागच्या बाजूला म्हशीच्या मोडक्या शिंगाला पट्टी बांधत होता, रक्त थांबत नव्हतं. तिथूनच ओरडला, ‘आत्याबाई, गोटीला लहानांचं जंताचं द्या, इतके थेंब.’ मी मोजले, दिले. थेंब अगदी बरोबर मोजले.

गोटी परत आली तेव्हा अंगात जीव नव्हता. इस्त्रीने आधी सलाईन लावलं, मग कपाटाकडे गेला, बाटली उचलून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. शिंपीणबाई किंचाळत होत्या. तो म्हणाला, ‘चूक माझी आहे.’ मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘गर्दीत होतं असं, आत्याबाई, मनाला लावून घेऊ नका.’ त्याला वाटलं घाईत हात चुकला. मी त्याला तसं वाटू दिलं. दोन दिवस तो त्या कुत्रीच्या उशाशी बसून होता आणि मी त्याला चहा करून देत होते. बस, एवढंच केलं मी.

तुला का नाही लिहिलं? मी मनाशी म्हणत होते, ही शिकणं टाकून येईल. पण खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

काल तुझं पत्र आलं तसं उठले आणि त्याला सांगितलं. म्हणाला, ‘दोरे मी कापले, म्हणजे अर्धी चूक माझी.’ मी म्हटलं, ‘हे काय शेत आहे का वाटणी करायला?’ मग शिंपीणबाईंकडे गेले. दुकानात चार बायका मापं द्यायला आलेल्या, त्यांच्यासमोरच सांगितलं. शिंपीणबाईंनी कात्री खाली ठेवली. ‘म्हणजे माझ्या आधीच्या तीन कुत्र्यांना तुम्ही अंदाजाने औषध पाजलंत?’ मी म्हटलं, ‘अंदाजाने नाही, दोऱ्याने.’ त्या म्हणाल्या, ‘चालत्या व्हा.’ मी झाले.

आता ते पत्र परत माग.

आत्या

२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा रागाने. गोटी मेली असती तर? एक शब्द तू मला सांगितला असतास, ‘दोरे कापू नका’ एवढंच म्हणाली असतीस, तर काही झालं नसतं. तुझ्या त्या ताठ मानेपायी एक जीव जाता जाता राहिला. हे मी लिहिणारच, तू कितीही रागाव.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझंच डोकं धरून बसले. सहा वर्षं मी त्या कपाटासमोर तुझ्या शेजारी उभी राहिले. मला वाटायचं, बाटली हातातून सटकू नये म्हणून दोरे असतील. लाल का, पांढरे का, गाठी का, एकदाही विचारलं नाही. आणि इथून, इतक्या लांबून, ते कापायला मीच सांगितलं. बाबांनी मला दवाखाना दिला, पण हे सांगितलं नाही. कदाचित तूच त्यांना सांगू दिलं नसशील.

मोठ्या दवाखान्याला मी लगेच दुसरं पत्र लिहिलं, की पहिलं रद्द समजा, हे डॉक्टर चांगले आहेत. उत्तर नाही. खरं सांगू, मी त्यांच्या जागी असते तर माझ्यावरच विश्वास ठेवला नसता. आठ दिवसांत एकाच माणसाबद्दल दोन मतं! त्यांना वाटणार, कोणीतरी हातापाया पडलं असेल.

म्हणून मी विचार केला आहे. डॉक्टरांना आपल्याकडेच ठेवून घेऊ. मी हाडं बघेन, ते बाकीचं. त्यांच्या बायकोला आपल्या शाळेत बघू काहीतरी. तू त्यांना विचार, राहता का म्हणून.

मी शिक्षण सोडत नाही. आणि मी येईपर्यंत तू कपाटाला हात लावायचा नाहीस. हे भाची म्हणून सांगत नाही, डॉक्टर म्हणून सांगते आहे.

तुझी भाची

१९ मार्च

डॉक्टरीणबाई,

कपाटाची किल्ली तुझं पत्र यायच्या आधीच इस्त्रीकडे दिली होती. मी आता जनावरं धरते. धरायला इंग्रजी लागत नाही.

गावाला सगळं कळलंय. बेकरीवाला बाटली घेतो, नाकापाशी धरतो आणि विचारतो, ‘ही डॉक्टरने दिली का तुम्ही?’ मी सांगते, ‘डॉक्टरने.’ मग खिशात टाकतो. धोबीण म्हणाली, ‘आत्या, एकतीस वर्षं आम्हाला बनवलंत की हो!’ मी म्हटलं, ‘बनवलं, आणि तुझ्या शेळ्या जगल्या.’ ऐकून घेते सगळ्यांचं. महिना-दोन महिने चघळतील, मग कोणाच्या तरी घरात काहीतरी घडेल.

आता मुख्य गोष्ट. तू म्हणालीस, त्याला विचार, राहता का. मी विचारलं नाही. सोमवारी सकाळच्या बसने शहरात गेले. त्याला सांगितलं, गुडघा दाखवायला जाते.

बाई गं, तो दवाखाना आहे का काय आहे! आपला अख्खा रस्ता मावेल आत. कुत्र्यांचं एक दार, मांजरांचं एक, गुरांचा रस्ता मागून. जिकडे बघावं तिकडे बाण आणि सगळ्या बाणांवर इंग्रजी. मी दोन वेळा फिरून परत फाटकापाशी आले. तिथे गणवेशातला माणूस उभा होता, तुझ्या वयाचा असेल. आत्तापर्यंत असं कुठे अडकले की मी म्हणायचे, चष्मा घरी राहिला. तेच ओठावर आलं होतं. मग म्हटलं, एवढ्या लांब बस करून आले ती काय चष्म्याचं सांगायला? मी त्याला म्हटलं, ‘मला हे वाचता येत नाही. मोठे डॉक्टर कुठे बसतात?’ तो म्हणाला, ‘या मावशी’, आणि पुढे चालायला लागला. बस. एवढंच झालं. हसला नाही, थांबला नाही. मी त्याच्या मागून चालत होते आणि मला रागच आला, की एवढंच होतं हे?

मोठे डॉक्टर जेवत होते. टकले आहेत, टेबलावर मांजर झोपलेली, तिच्याखाली कागद. मला म्हणाले, ‘आपण कोण?’ मी म्हटलं, ‘तुमच्याकडे एका डॉक्टरबद्दल दोन पत्रं आली आहेत ना, एक वाईट, एक चांगलं? त्या दोन्हींचं कारण.’ त्यांनी डबा बाजूला सरकवला. मांजर उचलली, तिच्याखालून तुझी दोन्ही पत्रं काढली. म्हणजे फेकली नव्हती.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दोरे, गाठी, चौथी बाटली. ते म्हणाले, ‘पण औषध देण्याआधी बाटली बघणं हे डॉक्टरचं काम.’ मी म्हटलं, ‘असेल. पण त्याचे दोन्ही हात म्हशीच्या रक्तात होते, आणि आत कपाटापाशी एकतीस वर्षं न चुकलेली बाई उभी आहे असं त्याला वाटत होतं. मीच त्याला तसं वाटू दिलं.’ ते म्हणाले, ‘हे तुम्ही पत्रात का नाही लिहिलं?’ मी म्हटलं, ‘पत्रं तुमच्याकडे दोन आहेतच. त्यांचं काय केलंत? मांजरीला गादी.’

ते हसले गं. खुर्ची दिली. विचारलं, ‘माणूस कसा आहे?’ मी शेळीचं सांगितलं, पोटाला कान लावून बसला ते. साबणाचं पण सांगितलं, म्हणजे नंतर तक्रार नको. मग विचारलं, ‘तो गेला तर तुमचं कसं होईल?’ मी म्हटलं, ‘ते तुम्हाला कशाला?’

काल त्याला पत्र आलं. एक तारखेपासून घेतलंय. त्याने उभ्या उभ्या वाचलं, परत वाचलं, मग माझ्याकडे आला. ‘आत्याबाई, तुमचा गुडघा कसा आहे?’ मी म्हटलं, ‘बरा आहे.’ त्याने विचारलं, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ मी म्हटलं, ‘चाला म्हणाले.’ तो टेबलाकडे वळला. न्हाव्याचा कुत्रा टेबलावर होता, त्याची नखं कापायला लागला. एकेक नख, हळूहळू, रोजच्यासारखं. पण आज मी घाई केली नाही.

अठ्ठावीसला तो जाईल. तू यायला आणखी महिना आहे. महिनाभर दवाखान्यात डॉक्टर नाही, तेव्हा लोकांना पलीकडच्या गावी जावं लागेल आणि सगळे मलाच बोल लावणार, ते खरंच आहे. त्याला विचारलं नाही म्हणून तूही चिडशील. चीड. पण मी विचारलं असतं ना, तर तो ‘हो’ म्हणाला असता. त्या शिंग मोडलेल्या म्हशीपायी म्हणाला असता, गोटीपायी म्हणाला असता, माझं तोंड बघून म्हणाला असता. आणि तिकडे ती बाई शाळेतून येऊन एकटीच कुलूप उघडत बसली असती.

म्हणून नाही विचारलं. तू वेळेवर ये.

आत्या